दिसल्यास कळवावे

"त्या पोरीचे कपडे वाळताना कधी बघितलेस?" एलिसा आंटींनी विचारलं होतं. नाताळाच्या आधीची गोष्ट. जिन्यात भेटल्या, हातात फराळाचा डबा, आणि डबा देता देता आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या समोरच्यांच्या गॅलरीत सगळ्यांचे कपडे असतात. नवऱ्याची पँट, बायकोचे गाऊन, पोराचा शाळेचा युनिफॉर्म. पोरीचं एक फडकं नाय. मग ती घालते काय नि धुते कधी? लक्ष ठेव गे बाय. तुझं दार समोर आहे." ऋतिका हसली होती. "आंटी, तुम्ही रिटायर झाल्यापासून जरा जास्तच बघायला लागलात हं," असं म्हणाली होती. कडेवर आर्या होती, डब्याकडे हात करत होती. एलिसा आंटीही हसल्या. भुईगावच्या शाळेत आयुष्यभर पोरं हाकलेल्या बाईला असल्या उत्तरांची सवय असणार. पण डबा ऋतिकाच्या हातात दिल्यावरही त्यांची बोटं थोडा वेळ झाकणावर तशीच राहिली होती. ते ऋतिकाला तेव्हा खटकलं, आणि दार लावून घेतल्यावर ती ते विसरलीही. विसरायला तिच्याकडे कारणं पुष्कळ होती. आर्याचा कफ, आर्याचं न जेवणं, खिडकीच्या जाळीतून आर्याची मान बाहेर जाईल का, नळाच्या पाण्याला वास येतो आहे का. ज्या बाईचं सगळं लक्ष एका लेकराच्या श्वासावर लागलेलं असतं, तिला वाटत राहतं की आपल्याइतकं जागं कुणी नाही.

आता फेब्रुवारीतली दुपार होती. आर्या आतल्या खोलीत झोपली होती आणि ऋतिका लॅपटॉपसमोर बसून मोबाइलकडे बघत होती. आपल्या अंगठ्याने नुकतंच काय केलं हे तिला अजून पुरतं कळायचं होतं. सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर जयवंतीताईंचा मेसेज आला होता. जयवंतीताई म्हणजे समोरच्या. डब्यांचा व्यवसाय करायच्या, आणि सोललेल्या लसणाची पाकिटं विकायच्या. मेसेजमध्ये लिहिलं होतं : सर्वांना नम्र विनंती. आमच्याकडे राहणारी पिंकी, वय अंदाजे बारा, रंग सावळा, अंगाने बारीक, उजव्या भुवईवर जुना व्रण, बोलताना नजर खाली ठेवते. अंगात निळा कुर्ता, पायात चप्पल नाही. सकाळी न सांगता घरातून निघून गेली आहे. दिसल्यास त्वरित कळवावे व थांबवून ठेवावे. खाली फोटो. हरवलेलं मूल म्हटल्यावर ऋतिकाचा अंगठा तिच्या आधी हलला आणि त्याने लिहिलं, "मी पाहिलं तिला! आत्ताच, आर्याला डॉक्टरकडून आणताना. निर्मळला, देवळाजवळ तळ्याच्या कडेला बसली आहे. लवकर जा." पुढे जोडलेले दोन हात. लगेच जयवंतीताईंचं उत्तर आलं, "थँक्यू गं राणी, देवासारखी धावलीस." मग इतर बायकांचे अंगठे, फुलं, हुश्श. ऋतिकाला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. एखाद्या आईचा जीव भांड्यात पाडल्यासारखं. आणि ती कामाला लागली.

काम असं होतं, की पुण्याच्या एका संस्थेला कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत एक पान करून हवं होतं. गुलामीचा आणि ती मोडण्याच्या चळवळींचा इतिहास इंटरनेटवर कुठे कुठे वाचता येतो, पाहता येतो, त्याची वाट दाखवणारं पान. प्रत्येक संकेतस्थळाची लिंक, ती उघडते का त्याची खात्री, आणि खाली दोन-तीन ओळी. आर्या होण्याआधी ऋतिका कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची. ते सुटलं, आणि घरात बसून करता येण्याजोगं हे मिळालं. जहाजांच्या फेऱ्यांची नोंद असलेलं एक स्थळ होतं, नकाशावर रेघा पुढे सरकत जायच्या. एका ठिकाणी म्हाताऱ्यांचे आवाज होते, लहानपणी कुणाच्या तरी मालकीची असलेली माणसं, तबकडीच्या खरखरीतून बोलणारी. ती हेडफोन लावून ऐकायची आणि मधूनच कानावरून काढायची, आर्याचा श्वास ऐकायला. साखर सोडलेल्या विलायतेतल्या बायकांवरचं एक पान होतं. गुलामांच्या हातची साखर चहात नको म्हणून फिका चहा पिणाऱ्या बायका. त्यावर तिने फार छान लिहिलं होतं, संस्थेच्या बाईंनी फोन करून सांगितलं होतं. आपल्याकडचं मात्र फार थोडं सापडायचं. पेशवाईतल्या कुणबिणी, म्हणजे दासी, ज्यांची खरेदी-विक्री रीतसर व्हायची. वसईच्या किल्ल्यात फिरंग्यांच्या घरी राबणारे, समुद्रापलीकडून आणलेले हबशी. रविवारी आर्याला घेऊन ती ज्या तटावर जायची, जिथे लोक लग्नाआधीचे फोटो काढतात, तिथे कुणी ओझी वाहिली असतील याचं एक पान कुठे नीट उघडत नव्हतं. लिंक मेलेली. लिंक मेलेली, असं ती समोर लिहीत जायची.

त्या दुपारी जे स्थळ तिच्या वाट्याला आलं, ते पळून गेलेल्यांच्या जाहिरातींचं होतं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या हजारो जाहिराती, मालकांनी दिलेल्या. जगभरातले हौशी लोक ती फिकी अक्षरं वाचून पुन्हा टाइप करतात, असं वर लिहिलं होतं. ऋतिकाने एक उघडली, मग दुसरी. वय अंदाजे इतकं. रंग अमुक. बांधा बारीक. कपाळावर, गालावर, भुवईवर व्रण. अंगात जाडंभरडं, पायात काही नाही. बोलताना नजर खाली ठेवते. तिसऱ्या जाहिरातीतही तेच, नजर खाली. चौथीत ती वाचायची थांबली. लसणाचा वास आला. दाराच्या फटीतून रोजच यायचा, समोरच्या घरातून, ओला, जिभेवर चढणारा. पण आज तो तिच्याच स्वयंपाकघरातून, फ्रीजमधल्या पाकिटातून, आपल्या स्वतःच्या बोटांतून येतोय असं तिला वाटलं. लहान मूल घरात असताना लसूण सोलायला वेळ कुणाला असतो? ती दर आठवड्याला पाकीट घ्यायची. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या पाकळ्या, एकीलाही नखाचा ओरखडा नाही. पाकीट द्यायला पिंकीच यायची. बोटांची टोकं पांढरट, भेगाळलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. "नाव काय गं तुझं?" पहिल्या वेळी ऋतिकाने विचारलं होतं. पोरीने लादीकडे बघत सांगितलं होतं, "इथं पिंकी." इथं. हा शब्द ऋतिकाने ऐकला होता. कानाने ऐकला होता, आणि मग आर्या रडली होती.

तिने मोबाइल उचलला आणि आपला मेसेज पुसून टाकला. सगळ्यांसाठी. तिथे एक करडी ओळ राहिली, हा मेसेज काढून टाकला आहे म्हणून, आणि तिच्या खाली जयवंतीताईंचे आभार तसेच. मग तिला तो तळ्याचा काठ पुन्हा दिसू लागला, आणि या वेळी तिने तो पाहिला. मघाशी नुसती नजर गेली होती. स्कूटरचा वेग कमी केला होता, फुलांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांमुळे. आर्या पुढे उभी होती, तीच ओरडली, "पिंकीताई!" पोरगी पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती, सोलून खाल्लेल्या केळ्याची साल शेजारी नीट घडी करून ठेवलेली. घडी करून. तिने मान वर केली. आर्याला पाहून तिचा हात उठला, अर्धाच. मग ऋतिकाला पाहून तो तसाच हवेत थांबला, आणि तिने डोकं हलवलं. जेमतेम. नाही, असं. ऋतिकाला वाटलं, फुलं आणायला पाठवलं असेल, आता गप्पा नकोत म्हणते आहे. आर्याला ताप होता. ताप असला की ऋतिकाला जगातली दुसरी कुठलीच मान हललेली दिसत नाही.

तिने झोपलेल्या आर्याला उचललं, ओढणीने पोटाशी बांधलं आणि स्कूटर काढली. निर्मळचा रस्ता केळीच्या वाड्यांमधून जातो, दुपारी तिथे गार असतं, आणि त्या गारव्यात तिला घाम फुटला होता. पोचून काय करणार होती? मागे बसवणार होती का? कुठे नेणार होती? तिच्या मनात नुसतं एक वाक्य फिरत होतं, मी चुकून सांगितलं, मी चुकून सांगितलं, आणि त्या वाक्याच्या आतून दुसरंच कुणीतरी बोलत होतं, तिची आई : "काय कमी केलं होतं तिला?" शेवंता गेली तेव्हा आई असं म्हणाली होती. कऱ्हाडच्या घरी शेवंता होती. वडिलांच्या लांबच्या कुणाच्या तरी ओळखीने आलेली, "शिकायला ठेवलीय" असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. ती ओट्याखाली चटई टाकून झोपायची. ऋतिकाच्या वेण्या घालायची. ऋतिका शाळेतून आली की शाळा-शाळा खेळायची, बाई ऋतिका आणि विद्यार्थिनी शेवंता, आणि शेवंताला अ नीट काढता आला नाही की ऋतिका तिच्या तळव्यावर पट्टी मारायची, बाई मारतात तशीच. शेवंता हसायची. एके दिवशी ती नव्हती. घरात दोन दिवस तिच्या कृतघ्नपणाची चर्चा चालली, मग धुण्याभांड्याला बाई लागली आणि चर्चा थांबली. ती कुठे गेली असेल, हे कुणी विचारलं नाही. रात्री कुठे झोपली असेल, हेही नाही. घरचं मूल दिसेनासं झालं असतं तर वडिलांनी तालुका पालथा घातला असता. घरच्यासारखं मूल गेलं, तेव्हा त्यांनी आंघोळीला पाणी कुणी तापवायचं ते ठरवलं. एलिसा आंटींचं बोलणं हसण्यावारी नेताना ऋतिका खरं तर कुणाला बाहेर ठेवून दार लावत होती, हे तिला केळीच्या त्या हिरव्या उजेडात दिसलं, आणि स्कूटर क्षणभर हलली.

पायरीवर कुणी नव्हतं. केळ्याची साल होती. फुलं विकणाऱ्या बाईंनी, न विचारताच, सांगून टाकलं. "ती पोर बघतंस? नेली तिला. बाप आलता गाडी घेऊन."

"बाप नव्हता तो."

"तर मग? पोर हात सोडवत होती, तवा मीच बोलले, जा गो बाय, बापावर कसला राग? आमी दोघी-तिघींनी समजूत घालून बसवली गाडीत." बाई बोलता बोलता थांबल्या. ओवता ओवता सुईही थांबली. "बाप नव्हता? तो तर मोबाइलवर फोटो दाखवत आलता. फोटो दाखवणारा मानूस खोटा कसा असंल?"

ओढणीत आर्या जागी झाली आणि पाणी मागू लागली. तळ्यावर कमळाची पानं होती, मोठी, थाळ्यांसारखी, आणि त्यांच्यावरून एक पाखरू चालत गेलं, बुडालं नाही.

समोरच्या दाराची बेल तिने वाजवली तेव्हा आर्या कडेवरच होती. खरं म्हणजे तिला घरात ठेवायला हवं होतं. पण एकटीने त्या दारासमोर उभं राहायचं ऋतिकाला धैर्य नव्हतं. आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच राहिलं. "ये गं ये!" जयवंतीताई म्हणाल्या, पण कडीकडे हात नेला नाही. "तुझ्यामुळे सापडली बघ. नाहीतर काय करणार होतो आम्ही? आजकाल काय काय ऐकतो आपण. गॅसवाला आला, दार उघडं राहिलं, तेवढ्यात निसटली कार्टी."

"ताई, मला तिला बघायचंय. एकदा."

"झोपलीय गं. उन्हानं तोंड एवढंसं झालंय."

"झोपलेली बघते. आर्या विचारतेय तिला."

"पिंकीताई!" आर्याने जाळीला तोंड लावून हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. पण स्वयंपाकघराच्या बाजूने घमेलं लादीवरून सरकल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. लसूण भिजत घालतात, म्हणजे सालं लवकर सुटतात. ऋतिकाने जयवंतीताईंकडे पाहिलं. त्यांनीही तो आवाज ऐकला होता, आणि ऋतिकाने ऐकला हेही त्यांना समजलं होतं.

"ताई, ती शाळेत का जात नाही?"

"अगंबाई!" जयवंतीताई हसल्या. मग हसणं चेहऱ्यावरून निघून गेलं, पण तोंड तसंच राहिलं. "गेल्या महिन्यात तू तापानं फणफणली होतीस, तेव्हा माझ्या पिंकीनं तुझी पोर सांभाळली. भरवलं, झोपवलं. वार होता बुधवार, शाळेचा. तेव्हा नाही गं विचारलंस, आज शाळा नाही का बाळा म्हणून?" जाळीतून त्यांचा श्वास येत होता, वेलदोड्याचा. "लेकीसारखी आहे ती आम्हाला. तुझं ते कम्प्युटरवर गुलाम-बिलाम वाचून डोकं फिरलंय. एक सांगू? लेकीचं नाक वाहतंय बघ, ते आधी पूस."

ऋतिकाने आर्याचं नाक पुसलं. हे तिला पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की तिने खरोखर नाक पुसलं, पदर शोधावा तशी ओढणीचं टोक शोधून, नीट, आणि ते पुसून मान वर करेपर्यंत आतलं दार लागलं होतं.

संध्याकाळी ऋतिकाचा नवरा कौस्तुभ घरी आला. बूट काढता काढता ऐकू लागला, आणि एका पायात बूट तसाच ठेवून बसला. तो वाईट माणूस नाही. ऋतिकाच्या बोलण्यातली एकही गोष्ट त्याने खोटी म्हटली नाही. "पण पुरावा काय आहे आपल्याकडे? कपडे वाळत नाहीत, हा पुरावा? आपण हप्ते भरतोय इथे, ऋतू. जयवंतीताईंचा नवरा हर्षवर्धन सोसायटीचा सेक्रेटरी आहे. उद्या उठून तोंडासमोर तोंड. उद्या शांतपणे बघू. उद्या मी त्याच्याशी बोलतो, पुरुष-पुरुष."

"मुलांच्या मदतीचा नंबर आहे. फोन तर करते."

"कर ना. सकाळी कर. आत्ता पोलीस आले नि ती पोरगीच म्हणाली की मी मजेत आहे, तर? काय करशील?"

आणि ऋतिकाने तो फोन सकाळवर टाकला. भीती होती, हे खरं. पण खाली दुसरंही काही होतं. उद्या म्हटल्यावर छातीतलं ओझं थोडं हललं, आणि ते हलणं तिला हवंसं वाटलं. आर्याला थोपटताना ती भिंतीपलीकडचं ऐकायचा प्रयत्न करत होती. ती भिंत समोरच्यांची नव्हतीच, बाजूच्या रिकाम्या फ्लॅटची होती. ती तिलाच कान लावून राहिली.

सकाळी फोन केला. तिकडची बाई शहाणी होती, घाई न करता प्रश्न विचारत होती. ऋतिका फ्लॅटचा नंबर सांगता सांगता दार उघडून बाहेर आली, आणि समोरच्या जाळीला बाहेरून मोठं कुलूप दिसलं. वॉचमनने सांगितलं, उजाडताच गेले, बॅगा घेऊन, गावाला, लग्न आहे म्हणाले. पोरगी? होती ना, मागच्या सीटवर, मध्ये. झोपली होती वाटतं, मान खाली होती.

जिना चढून वर आलेल्या एलिसा आंटींनी कुलूप बघितलं. मी सांगितलं होतं, असं म्हणाल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "चप्पल घाल. पोलीस ठाण्यात जाऊ. आर्याला माझ्या सुनेकडे ठेव." तिथे लिहून घेणाऱ्या माणसाने नाव विचारलं. पिंकी, ऋतिका म्हणाली. खरं नाव? आईबापाचं नाव? गाव कुठलं? डोंगरातल्या पाड्यावरची, असं जयवंतीताई म्हणायच्या, ऋतिकाने सांगितलं. पाडा म्हणजे कुठला? तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच माहिती हवी होती. ऋतिका इतिहासाची पदवीधर होती, दीड-दोनशे वर्षांपूर्वी पळालेल्या माणसांची जन्मगावं तिला ठाऊक होती. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं राहिलं. मग तिने जे होतं ते सांगितलं : भुवईवर व्रण, बारीक बांधा, नजर खाली. हे सगळे शब्द तिच्या शेजारणीचे होते. स्वतः पाहिलेलं तिच्याकडे काहीच नव्हतं, सालीच्या घडीशिवाय.

हर्षवर्धन दोन आठवड्यांनी एकटाच आला, चौकशीला तोंड दिलं, मुलगी तिच्या मावशीकडे पोचवली म्हणाला, मावशीचा पत्ता म्हणून सांगितलेल्या घरी कुणी मावशी निघाली नाही. पुढे फ्लॅट भाड्याने गेला. जयवंतीताईंनी डब्यांचा व्यवसाय दुसरीकडे सुरू केल्याचं ग्रुपवरच्या कुणीतरी सांगितलं. विरारला की पार कल्याणला, त्यावर दोन मतं होती. चव मात्र तीच आहे म्हणे. ऋतिका अजून अनोळखी बिल्डिंगींखाली स्कूटर थांबवते आणि गॅलऱ्यांमधल्या दोऱ्या बघते. वर्णन देऊन तिने कुठे काही टाकलेलं नाही. टाकायचं म्हणून अनेकदा लिहिलं आणि पुसलं. जे वर्णन तुमच्यापर्यंत येईल ते जयवंतीताईंपर्यंतही जाईल, आणि सापडवून देण्याचं काम तिचं एकदा करून झालं आहे.

पुण्याच्या संस्थेचं पान मात्र पुरं झालं. सगळ्या लिंका उघडतात. बाईंनी शेवटी एक परिच्छेद मागितला होता, मुलांनी यापुढे काय वाचावं म्हणून. ऋतिकाने तो लिहून पाठवला आणि फोन बंद करून ठेवला, त्यांनी तो काढायला सांगू नये म्हणून. त्यात वाचायचं काही नाही. तिने लिहिलं आहे : तुम्ही इथवर वाचलंत, आता लॅपटॉप मिटा. तुमच्या मजल्यावर, वरच्या किंवा खालच्या, एखाद्या घरात एक मुलगी असेल. पाहुणी म्हणतील, भाची म्हणतील, लेकीसारखी म्हणतील. आज दिवसाउजेडी जाऊन त्या घराची बेल वाजवा. विरजण मागा, काहीही मागा. ती दिसेपर्यंत दारातून हलू नका. ती मान वर करेपर्यंत थांबा, आणि तिने मान हलवून नाही म्हटलं, तर ती कशाला नाही म्हणते आहे हे कळल्याशिवाय कुणालाही काही सांगू नका. पण जा. उद्या नको, आत्ता जा, आणि ती आहे का ते बघून या.